बिनशेंडीची मुसळी

त्या वर्षी पाऊस मध्येच थांबला आणि डोंगरावरची पानं वेळेआधी वाळली. मुसळी खणणाऱ्याला पान वाळायची वाट बघावीच लागते. पान हिरवं असताना मूळ पाण्यानं फुगलेलं असतं, वाळवलं की हातात काही राहत नाही. पण पान पिवळं पडून जागेवर टिकलं पाहिजे, तरच त्याच्या खुणेवर कुदळ घालता येते. यंदा पानं वाळली, मोडली आणि वाऱ्यानं उडून गेली. डोंगर नुसता तपकिरी झाला. खाली कुठं काय आहे ते सांगणारं वर काही उरलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी थोडी घरं होती, त्यांतलं हे शेवटचं. घरात म्हातारा, त्याचे दोन मुलगे आणि दोन सुना. थोरला खणायचा. थोरली सोलायची. धाकटा उखळात कुटायचा आणि त्याची बायको चाळायची. धाकटी उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, अजून पाय न वाजवता चालायची. म्हाताऱ्यानं जन्मभर खणलं होतं. आता त्याचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण एक काम त्याच्याकडेच होतं. शेंड्या मोडायचं.

मुसळीची मुळं वर एका गाठीला जुळलेली असतात आणि त्या गाठीवर वाळलेल्या पानांचा झुबका राहतो. तिला ते शेंडी म्हणत. मूळ डोंगरावरून खाली यायचं ते शेंडीसकट, हा घरचा नेम. म्हातारा एकेक जुडगा हातात घेई, शेंडी बोटांनी चाचपे आणि पिरगाळून मोडे. मुळं थोरलीच्या पाटीत जात, शेंड्या ओल्या वाळूच्या मडक्यात. पुढच्या पावसात त्या परत डोंगरात लावायच्या. "शेंडी म्हणजे पुढचं वर्ष," असं म्हातारा म्हणे. दुसरी गोष्ट तो बोलून दाखवत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. साल काढल्यावर जमिनीखालचं सगळंच पांढरं दिसतं. मूळ कोणाचं आहे, हे शेंडीच सांगते.

आपण खणतो ते आपण चाखायचं नाही, हा आणखी एक नेम.

"चाखली की वाटायला लागतं," म्हातारा सांगे, "आणि एकदा वाटायला लागलं की माणूस डोंगर चढायचा राहतो. माझ्या जोडीदारानं चाखली होती. बायको नेमकी माहेरी. दिवसभर बसला झाडाला मिठी मारून."

"मग गुण आला म्हणायचा की नाही, आबा?" धाकटा विचारी.

"झाडाला विचार."

थोरलीला या हसण्यात भाग घेता येत नसे, पण पाटीवर मान घालून ती हसून घेई. तिची बोटं इतकी वर्षं या मुळांच्या चिकात होती. चिकानं तिला कधी काही वाटलं नव्हतं. नखांच्या कडा तेवढ्या सडल्या होत्या. थोरला संध्याकाळी डोंगरावरून यायचा तो ओंडक्यासारखा भिंतीला टेकायचा, आणि जेवताजेवता त्याचा घास हातातच राहायचा. दुनियेच्या बिछान्याची सोय करणाऱ्या या घरात रात्री फक्त घोरणं ऐकू येई.

---

चूर्णवाला तीनचाकी टेम्पोतून आला तेव्हा अंगणात चटईभर मुळं वाळत होती. दरवर्षी या दिवसांत अंगणात पाय ठेवायला जागा नसे.

चूर्णवाल्याचं बाजारात दुकान होतं. पाटीवर एक पिळदार माणूस, एक सिंह आणि उगवता सूर्य, तिघे दाटीवाटीनं काढलेले. तो स्वतः बुटका, दम्यानं वाकलेला आणि गोड बोलणारा होता.

"एवढंच?" तो चटईकडे बघत म्हणाला.

"डोंगरात नाही, शेठ," थोरला म्हणाला. "सगळे आधीच ओरबाडून गेलेत. वर खूणसुद्धा दिसत नाही."

"पलीकडच्या वस्तीला दिसते बरं. मी काय म्हणतो, गोणी भरली तर भरली. नाहीतर पुढच्या वर्षीपासून त्यांच्याकडेच गाडी वळवतो. मला इकडचा खडकाळ रस्ता तरी वाचेल." मग धाकट्याकडे वळून त्यानं डोळा मिचकावला. "काय नवरदेव? मुसळ जोरात चाललंय. दिवसाच दमवू नको त्याला."

धाकट्यानं मान खाली घालून आणखी जोरात कुटायला घेतलं. धाकटी चाळण घेऊन आत निघून गेली.

"लाजतोय," चूर्णवाला म्हणाला. "अरे, लाजेवरच माझं पोट चालतं. या मालाचं एक बरं असतं. घेणारा नाव सांगत नाही. बोट दाखवतो, पुडी घेतो, पसार. आणि गुण आला नाही तरी भांडायला येत नाही. भांडायचं तर आधी सांगावं लागतं ना, काय झालं नाही ते!"

सगळे हसले. थोरलाही हसला, पण त्याचा हात कुदळीच्या दांड्यावर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

---

त्यानंतर थोरला डोंगराच्या वरच्या अंगाला, खडकाखालच्या उतारावर जाऊ लागला. तिकडे मुसळी होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिकडे कळलावीच्या वेली. पावसात त्यांना लाल-पिवळी, आगीच्या जिभांसारखी फुलं येत. शेळी तिकडे तोंड लावत नसे.

एका संध्याकाळी तो भरलेली गोणी पाठीवर घेऊन आला आणि अंगणात टाकली. म्हाताऱ्यानं सवयीनं हात घातला. तुकडे हाताला लागले. मोडलेले, बोटाएवढे, मातीनं माखलेले.

"शेंड्या?"

"वरच मोडल्या, आबा. उगाच ओझं कशाला आणायचं?"

"मोडल्या, मग लावल्या का?"

"लावल्या."

"कोरड्या जमिनीत?"

थोरला हातपाय धुवायला गेला होता. पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल असं समजायला जागा होती. म्हाताऱ्यानं एक तुकडा बोटात फिरवला, नखानं टोचला, नाकाशी नेला. मग तो परत गोणीत टाकला आणि हात धोतराला पुसला. पोराच्या कुदळीवर घर चालायला लागल्यापासून तो एकदाच विचारत असे, दुसऱ्यांदा नाही.

थोरली सोलायला बसली. ओल्या पोत्यात ठेवलेल्या मुसळीचं सालपट अंगठ्यानं चोळलं की मोज्यासारखं निघतं. हे निघेना. तिनं सुरी आणली आणि खरवडायला घेतलं. आत पांढरं, पिठूळ निघालं. थोड्या वेळानं बोटांना आग सुटली.

"अहो," ती जेवणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "याचं सालपट सुटत नाही."

"पाऊस नव्हता. आत सुकलंय."

"हाताची आग होते."

"मग धू."

तिनं हात धुतले. पाऊस नव्हता हे खरं होतं, आणि पाऊस नसला की मूळ आत सुकतं हेही खरं होतं. ते कारण पटण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते पटवून घेतलं. कुठल्या बाजूनं आणलंत, हे विचारायला तिचं तोंड उघडलं होतं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, हेही तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं विचारलं नाही.

सोललेले तुकडे तिनं उभे चिरले आणि चटईवर पसरले. उन्हात ते मुसळीपेक्षाही पांढरे दिसायला लागले.

---

नळावर बायकांची रांग लागे. धाकटी कळशी लावून उभी राहिली की मागून सुरुवात व्हायची.

"काय गं, अजून काही गोड बातमी नाही?"

"येईल हो. घरात तर औषधाची खाण आहे."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"अगं, हलवाई कुठं मिठाई खातो?"

धाकटी कळशी अर्धी भरलेलीच उचलून चालू लागे. थोरली मागे राहून एकदोघींना चार शब्द ऐकवी, पण ते शब्द तिच्याच कानाला पोकळ लागत. कारण बायका बोलत होत्या ते तिनंही पाहिलं होतं. धाकट्याची खोली म्हणजे कुडाची आडभिंत होती आणि कुडाला कान लावावा लागत नाही. पहिल्या महिन्यात पलीकडून कुजबूज यायची, बांगडी वाजायची. मग धाकट्याचा एक दबलेला, रडवेला आवाज यायला लागला, "झोप तू." आता तोही येत नव्हता.

सासू वारली तेव्हा धाकटा रांगत होता आणि थोरली नवी नवरी होती. त्यानं पहिला घास तिच्या हातचा खाल्ला, तिच्या कुशीत झोपला. त्याला ताप आला की आजही तो बायकोच्या आधी वहिनीला हाक मारी. ज्याचं ढुंगण धुतलं त्याला असलं काही कसं विचारायचं? थोरल्यानं विचारावं, तर तो भावाला एकच गोष्ट विचारत असे, "कुटून झालं का?"

चहाच्या टपरीवर तर नळापेक्षा उघडं बोलणं. तिथून धाकटा एका दुपारी आला तो सरळ उखळाशी बसला आणि तळहाताला फोड येईतो कुटत राहिला. त्या दिवशी तो तेच नवं, फार पांढरं मूळ कुटत होता. पिठी उडून त्याच्या मिशीवर, पापण्यांवर बसली होती. थोरलीनं त्याला पाणी नेऊन दिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "आबा म्हणतात चाखायची नाही. म्हणजे गुण असतो म्हणूनच ना?"

"आबा गंमत करतात."

"पण लोक घेतात ना. उगाच घेतात का?"

"लोकांना काय," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली. या उत्तराची तिला पुढे फार आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी चूर्णवाला आला. जुनी मुसळी आणि नवी पिठी एकत्र करून गोणी भरली होती. त्यानं चिमूट हातावर घेतली, फुंकर मारली. "वा! रंग बघा. याला म्हणतात माल." टेम्पो धूळ उडवत गेला. थोरला किती तरी दिवसांनी त्या दुपारी पाय पसरून झोपला.

---

पहाटे धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पाणी, मग हिरवट पित्त. ऊन डोक्यावर येईतो तो परसात जायच्याही अवस्थेत राहिला नाही. जुलाब पाण्यासारखे, थांबेचनात. घसा जळतो म्हणत होता. पाणी दिलं की तेही बाहेर. दुपारी त्याचे डोळे खोल गेले आणि बोटांची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहू लागली.

थोरल्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. दुधाच्या गाडीतून ते बाजारच्या गावातल्या दवाखान्यात पोचले. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सुई टोचली, सलाईन लावलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतं काल?"

"शिळं," थोरला म्हणाला.

"सगळ्यांनी खाल्लं?"

"यानंच."

"तू सांग रे. काही वेगळं? जंगलातलं? कुणी औषध दिलं?"

खाटेभोवती शेजारच्या खाटांवरचे लोक, त्यांचे पाहुणे, झाडूवाली, सगळे मान लांब करून उभे होते. धाकट्यानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग बायकोकडे. "काही नाही," तो म्हणाला. धाकटीनं पदर तोंडात धरला होता.

डॉक्टरीण सलाईनकडे वळली. "पोटाचा संसर्ग दिसतो," ती म्हणाली. "सलाईन चालू ठेवू. काही आठवलं तर मात्र लगेच सांगा."

त्या रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी उलट्या जरा कमी झाल्या. सगळ्यांना बरं वाटलं. पण त्याच्या पायांतली शक्ती गेली होती, लघवी होत नव्हती, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

दवाखान्याच्या मागे धुण्याचा दगड होता. दोघी जावा तिथं घाण झालेल्या चादरी धूत होत्या. थोरली दगडावर चादर आपटत होती, धाकटी पिळत होती. मध्येच धाकटीचे हात थांबले.

"ताई, त्यांनी चूर्ण घेतलं होतं."

"कुठलं?"

"आपलंच. गोणी जायच्या आधी काढून ठेवलेलं, ती गेली त्या रात्री घेतलं. दुधातून. वाटीभर." ती खाली बघूनच बोलत होती. "मला म्हणाले, उद्यापासून नळावर मान वर करून जाशील. मी डॉक्टरीणबाईंना सांगणार होते, पण सगळे बघत होते. ते म्हणतील, हिलाच हवं असेल. आणि मुसळीनं काय होणार, म्हटलं. मुसळी तर चांगली असते ना, ताई?"

थोरलीच्या हातून चादर निसटून गटारात गेली. ती उचलायलासुद्धा वाकली नाही. तिची बोटं पुन्हा जळायला लागल्यासारखी वाटली, सुरीनं खरवडताना जळत होती तशी.

थोरला फाटकाबाहेर उकिडवा बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खडकाखालचं होतं ना?"

त्यानं वर पाहिलं नाही.

"बोला. त्यानं वाटीभर खाल्लंय."

आता त्यानं पाहिलं. "आपण चाखत नाही," तो म्हणाला. "आपल्या घरात कुणी चाखत नाही." मग भराभर सुटला. "उन्हानं विष मरतं गं. वाळवलं होतं. लोक चिमूटभर घेतात, तीही दुधातून. गोणीत कितीसं ते. मला वाटलं, गुण नाही येणार, एवढंच होईल. गुण असाही कुठं येतो."

"चला. डॉक्टरीणबाईंना सांगा."

"गोणी गेलीय. पोलीस येतील. मला नेलं तर तुम्हाला कोण…"

ती ऐकायला थांबली नाही. ती वॉर्डात गेली आणि सगळ्यांच्या देखत, पदर खोचलेलाच ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या दिरानं ताकदीचं चूर्ण खाल्लंय. त्यात कळलावीचं मूळ मिसळलेलं होतं."

शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा खुदकन हसला. डॉक्टरीण हसली नाही. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे काल सांगितलं असतं तर पोट धुता आलं असतं," ती हळू म्हणाली. "याला उतारा नाही. शरीरात पेशी दुभंगून वाढत असतात, हे विष ते वाढणंच बंद करतं. जिथं वाढ जास्त तिथं आधी लागतं. आतडी झाली, आता रक्त. शेवटी केसांची मुळं." तिनं पेन पुन्हा उचललं. "मोठ्या इस्पितळात पाठवते. आठवडा निघाला तर केस गळायला लागतील. केस गळाले तर समजा, वाचला. आणखी कुणी खाल्लंय का यातलं?"

थोरलीनं दाराकडे पाहिलं. दारात थोरला चौकट धरून उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "घरचंच होतं."

---

मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यात दोघी आळीपाळीनं झोपत. आत जायला मिळे तेव्हा धाकटी त्याच्या उशाशी बसून केसांतून बोटं फिरवी आणि हळूच ओढून बघे. येत नव्हते. धाकटा शुद्धीत यायचा, जायचा. एकदा वहिनीला म्हणाला, "सगळ्यांना कळलं?" ती म्हणाली, "हो." त्यानं डोळे मिटून घेतले आणि दिवसभर उघडले नाहीत.

मग एका सकाळी धाकटी व्हरांड्यात धावत आली. तिच्या मुठीत केसांचा पुंजका होता. तो थोरलीच्या हातावर ठेवून ती मोठमोठ्यानं रडायला लागली. येणारेजाणारे थबकले. कुणी तरी गेलं, असंच त्यांना वाटलं असणार.

थोरलीच्या मनात मात्र गोणी होती. इतके दिवस तिनं ती मागे लोटली होती. त्या दिवशी थोरला डबा घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "आज उठा आणि शेठकडे जा. त्याला सांगा. उरलेलं परत आणा, जाळून टाका."

"जातो."

संध्याकाळी तो आला. "सांगितलं," म्हणाला. "फेकून दिलं त्यानं."

"सगळं?"

"विकलंच नव्हतं म्हणे."

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. बाजाराचा रस्ता पांढऱ्या फुफाट्याचा होता. त्याच्या पायांना लाल माती होती, डोंगराची. तिनं ती पाहिली, आणि पुन्हा एकदा पटवून घेतलं.

---

धाकटा घरी आला तो मूठभर झालेला. डोक्यावर, भुवयांवर, मिशीच्या जागी एक केस नव्हता. कवटीची हाडं मोजता यावीत असं डोकं. तो डोक्याला फडकं गुंडाळून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन अंगणात म्हाताऱ्याजवळ बसे. म्हातारा कधी कधी हात लांब करून फडक्यावरून डोकं चाचपे, शेंड्या चाचपायचा तसा. वाळूचं मडकं यंदा जवळजवळ रिकामं होतं.

टेम्पोचा आवाज आला तेव्हा थोरली दारात होती. चूर्णवाला उतरला तोच हसत.

"अहो, कुठं होता सगळे? दोनदा माणूस पाठवला! यंदाचा माल म्हणजे जहाल निघाला. लोक सांगतात, घेतला की अंगात जाळ होतो. मी म्हटलं, तोच असर. जुन्या मालानं असं कधी झालं नव्हतं. आता गोणीत थोडाच राहिलाय. मला तसाच आणून दे. पलीकडच्या वस्तीचं नावसुद्धा काढत नाही मी." मग त्याची नजर धाकट्याकडे गेली. "हे काय, नवरदेव आजारी?"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. थोरला जमिनीकडे बघत होता.

"तुम्ही गेलाच नव्हता," ती म्हणाली.

चूर्णवाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. थोरली पुढे होणार तेवढ्यात धाकट्यानं भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. त्याला उभं राहता आलं नाही. त्यानं बसल्या बसल्याच डोक्याचं फडकं सोडलं.

"शेठ, मी खाल्ली होती. त्याच गोणीतली."

चूर्णवाल्याचं हसू तोंडावर राहिलं, पण त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.

"कळलावी होती त्यात," धाकटा म्हणाला. आवाज फुटका, पण स्पष्ट होता. "जाळ होतो तो त्याचा. मी मरता मरता राहिलो. कुणाकुणाला दिलीत, आठवा. नावं सांगा. अजून कुणाला दवाखान्यात नेता येईल."

चूर्णवाला मटकन उंबऱ्यावर बसला. त्याला दमा लागला.

"नावं?" तो म्हणाला. "अरे बाबा, नाव सांगून ही वस्तू कुणी घेतं का?"

थोरला तेव्हा पहिल्यांदा रडला. त्याला रडता येत नव्हतं. घशातून कुदळ खडकावर आपटावी तसा आवाज येत होता. म्हातारा न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्याच्या दिशेनं बघत म्हणाला, "मी हातात घेतलं होतं. मला कळलं होतं." बस्स, तेवढंच.

थोरली त्याच टेम्पोत चढली आणि दुकानात उरलेली गोणी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन ठेवली. या वेळी तिनं सगळं सांगितलं. पोलीस आले, थोरल्याला आणि चूर्णवाल्याला विचारून गेले, पुन्हा येतो म्हणाले. दुकानाला कुलूप लागलं. पण कुलपानं पुड्या परत येत नाहीत.

---

बाजाराच्या दिवशी थोरला धाकट्यापुढे पाठ करून वाकला. धाकट्यानं त्याच्या गळ्यात हात टाकले. गोणीसारखं त्याला पाठीवर घेऊन थोरला चालू लागला. मागून थोरली, तिच्या मागे धाकटी. नळावरून जाताना बायका गप्प झाल्या. धाकटीची मान वर होती, पण कुणाकडे न बघता.

सिंह आणि सूर्याच्या पाटीखाली, बंद दुकानाच्या पायरीवर त्यांनी धाकट्याला बसवलं. त्यानं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. ऊन त्याच्या डोक्यावर पडलं.

पुरुष येत होते. दुकानाशी घुटमळत, कुलूप बघत, इकडेतिकडे नजर टाकत. जो थांबेल त्याला धाकटा म्हणे, "दादा, इथलं चूर्ण मी खाल्लं होतं. माझं असं झालं. तुमच्या घरात असेल तर फेका. कुणी आजारी असेल तर दवाखान्यात न्या."

"मी भाव विचारायला आलो होतो. दुसऱ्या दुकानाचा," एक म्हणे आणि निघून जाई.

"मी कशाला घेतोय असलं?" दुसरा हसे. "पोरंबाळं आहेत मला."

दुपार कलली. बाजार उठायला लागला. तेवढ्यात थोरलीला समोरून एक मध्यम वयाचा माणूस येताना दिसला. हातात भाजीची पिशवी, आणि एवढ्या उन्हात डोक्याला, कानांपर्यंत, घट्ट गुंडाळलेलं फडकं. त्याच्या भुवया नव्हत्या. तो पायरीसमोर आला आणि त्याची चाल मंदावली. त्यानं धाकट्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"दादा, थांबा," थोरली उठत म्हणाली. "थांबा, एवढं…"

त्यानं फडकं आणखी खाली ओढलं आणि भराभर चालत गर्दीत मिसळला.

धाकटी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "ताई, वाचला म्हणायचा ना तो? केस गेले म्हणजे वाचला."

"हो," थोरली म्हणाली. आणि ती बाजारभर बघत राहिली. टोप्या, फडकी, उघडी डोकी, पांगत चाललेली माणसं. वाचलेले तेवढे इथं दिसतील. जे वाचले नाहीत त्यांच्या घरी अजूनही म्हणत असतील, शिळं खाल्लं होतं.